नाक्यावरच्या बायका आणि त्यांची वही

बायकांनी घडवलेल्या इतिहासाच्या आपल्या मालिकेत आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, इस्रायल आणि पॅलेस्टाइनच्या मुलखात. तिथं २००१ साली काही इस्रायली बायका लष्कराच्या नाक्यांवर जाऊन उभ्या राहायला लागल्या. हातात वही, पेन आणि मोबाइल. त्या नाक्यांवर पॅलेस्टिनी लोकांची अडवणूक होत होती, आणि अडवणारं सैन्य या बायकांच्याच देशाचं होतं. कुणाकुणाचे मुलगे, नातू त्याच सैन्यात होते. तरी त्या गेल्या, बघत राहिल्या आणि जे दिसलं ते लिहीत राहिल्या. हे काम वीस वर्षांहून जास्त चाललं.

नुसतं उभं राहून आणि लिहून काय होतं? आमच्या गटात ही माहिती वाचताना सगळ्यात आधी हाच प्रश्न आला. त्याचं सरळ उत्तर नाही, आणि त्या बायकांनाही ते मिळालेलं नव्हतं. पण आधी तो नाका म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. नाका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोलनाका येतो. हा तसला नव्हे.

थोडा मागचा इतिहास सांगावा लागेल. कोकणातल्या मैत्रिणींना इस्रायल हे नाव नवं नाही. अलिबाग, रेवदंड्याकडचे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ते १९४८ नंतर मोठ्या संख्येनं तिकडे गेले. त्यांच्या जुन्या माणसांच्या तोंडी तिथंही मराठी टिकून राहिली. १९४८ साली इस्रायल हे ज्यू लोकांचं राष्ट्र उभं राहिलं. त्याआधी युरोपात हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यूंची कत्तल झाली होती. जीव मुठीत धरून वाचलेल्या माणसांना हक्काची जागा हवी होती. पण ती जागा रिकामी नव्हती. तिथं अरब शेतकरी, बागायतदार, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्या वेळच्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. ही दोन्ही दुःखं खरी आहेत. एकाचं नाव घेतलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही, असं आमचं मत.

पुढं १९६७ च्या जूनमध्ये सहा दिवसांचं युद्ध झालं. इस्रायलनं जॉर्डनच्या ताब्यातला वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेम घेतलं, इजिप्तच्या ताब्यातली गाझा पट्टी घेतली. वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. आकारानं आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली पायऱ्या-पायऱ्यांची शेती, आणि तिच्यात ऑलिव्हची झाडं. ऑलिव्हचं फळ बोराएवढं असतं, त्याचं तेल निघतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळाची तोडणी असते आणि तेव्हा घरातली सगळी माणसं, लेकीसुना, म्हातारीकोतारी, झाडाखाली असतात. वर्षाचं तेल आणि वर्षाचा पैसा त्या काही आठवड्यांवर अवलंबून. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

युद्धानंतर वेस्ट बँकेतल्या लोकांवर लष्कराचा अंमल आला. पण रस्ते लगेच बंद झाले नाहीत. १९७२ पासून तर सरसकट मुभा होती. माणूस सकाळी तेल अवीवला बांधकामावर किंवा हॉटेलात कामाला जायचा आणि संध्याकाळी घरी परत यायचा. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी ही मुभा काढून घेतली. आता ज्याला जायचं त्यानं स्वतःच्या नावाचा परवाना काढायचा. १९९३ पासून जेरुसलेमच्या वाटा आवळल्या गेल्या. त्याच वर्षी ऑस्लो करार झाला. पुढच्या दोन वर्षांत शहरांचा कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आला, पण शहरांच्या मधली जमीन, साठ टक्क्यांच्या आसपास, इस्रायली लष्कराच्याच हातात राहिली. त्याच जमिनीवर इस्रायली वसाहती वाढत गेल्या. म्हणजे शहरं पाण्यातल्या बेटांसारखी झाली, आणि बेटाबाहेर पाऊल टाकायचं तर दुसऱ्याची परवानगी.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा उठाव सुरू झाला. अरबी भाषेत त्याला 'इंतिफादा' म्हणतात. पॅलेस्टिनी गटांनी इस्रायलच्या शहरांत बसमध्ये, हॉटेलांत, बाजारांत आत्मघाती स्फोट केले. लष्करानं शहरांत रणगाडे घातले. चार-पाच वर्षांत हजाराच्या आसपास इस्रायली आणि तीन हजारांहून जास्त पॅलेस्टिनी मेले. मुलाला बसमधून शाळेत पाठवताना इस्रायली आईच्या पोटात गोळा येत होता, हेही तितकंच खरं. ही भीती समोर ठेवूनच लष्करानं वेस्ट बँकेत शेकडो अडथळे उभे केले. कुठं मातीचा ढीग, कुठं सिमेंटचे ठोकळे, कुठं लोखंडी फाटक, आणि मोठ्या वाटांवर नाके.

आता बहुतेकांना वाटतं की नाके दोन्ही देशांच्या हद्दीवर असतील. काही होतेही. पण हुवारा आणि बेत इबा हे त्या काळातले दोन बदनाम नाके नाब्लुस या पॅलेस्टिनी शहराच्या वेशीवर होते, वेस्ट बँकेच्या पार आत. एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावात जाताना ते लागत. इस्रायलमध्ये जायचाच प्रश्न नव्हता. आजारी आईला बघायला, कॉलेजात, बाजारात टोमॅटो विकायला, लग्नाला, मयतीला, कुठंही जायचं तरी मध्ये नाका.

हुवाराचा नाका बायकांच्या नोंदींमधून असा दिसतो. वर पत्र्याची शेड, खाली दोन्ही बाजूंनी कठडे. गाडी अलीकडं सोडायची, चालत नाका पार करायचा, पलीकडं दुसरी टॅक्सी धरायची. तरुण पुरुषांची रांग वेगळी. बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं यांची वेगळी, तिला लष्कराच्या भाषेत 'मानवतेची रांग' असं नाव होतं. हिरव्या पाकिटातलं ओळखपत्र दाखवायचं, पिशवी उघडायची, पुरुषांनी सदरा वर करायचा, पट्टा काढायचा. कित्येकदा सोळा ते पस्तीस वयाच्या पुरुषांना शहराबाहेर पडायलाच बंदी असे. कुणाचा संशय आला तर त्याचं ओळखपत्र काढून घेत आणि त्याला बाजूच्या कुंपणात उभं करत. तास, दोन तास, कधी दुपारपर्यंत. उन्हात असो की पावसात.

आणि नियम रोज बदलत. काल चाललेला परवाना आज चालत नसे. हगार कोतेफ आणि मेराव अमीर या दोन इस्रायली अभ्यासक बायका नाक्यांबद्दल बारकाईनं लिहितात. त्यांनी 'कल्पनेतली रेघ' सांगितली आहे. सैनिक ओरडतो, रेघेच्या मागं व्हा. पण जमिनीवर रेघ काढलेलीच नसते. ती त्याच्या डोक्यात असते. माणसानं ती ओलांडली की तो गुन्हा, मग रांग थांबवायची, सगळ्यांना मागं हटवायचं. जी रेघ दिसत नाही ती पाळायची कशी? आम्हाला या सगळ्या माहितीत मारहाणीच्या हकिकतींपेक्षा ही रेघ जास्त लागली. घरात-दारात अशा न काढलेल्या रेघा आपण बायकांनी कमी पाहिल्यात का?

तर २००१ च्या सुरुवातीला, उठाव सुरू होऊन तीन-चार महिने झाले असताना, तीन बायकांनी ठरवलं की आपण जाऊन बघायचं. रॉनी यागर यांना ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत मानवी हक्कांच्या कामाचा अनुभव होता. आदी कुंट्समन सोव्हिएत रशियातून इस्रायलमध्ये आलेल्या, बायकांच्या प्रश्नांच्या अभ्यासक. यहुदित केशेत धर्म पाळणाऱ्या ज्यू घरातल्या. सुरुवात जेरुसलेमच्या आसपासच्या नाक्यांपासून झाली. हिब्रू भाषेत नाक्याला 'मख्सोम' म्हणतात आणि पहाऱ्याचा इंग्रजी शब्द 'वॉच' आपल्यालाही माहीत आहे, म्हणून नाव पडलं 'मख्सोम वॉच'. काही वर्षांत त्यांची संख्या चारशेच्या पुढं गेली. संघटनेत फक्त इस्रायली बायका. त्यातही निवृत्त झालेल्या, पन्नाशी-साठी ओलांडलेल्या जास्त. शिक्षिका, प्राध्यापिका, डॉक्टर, कलावंत, आज्या.

पुरुष का नकोत? इस्रायलमध्ये मुलगा असो वा मुलगी, अठराव्या वर्षी सैन्यात जावं लागतं, आणि पुरुषांना पुढंही बरीच वर्षं अधूनमधून बोलावतात. त्यामुळं पुरुष नाक्यावर गेला की तो सैनिकाशी सैनिक म्हणून बोलतो, आवाज चढतो, वाद होतो. बाईकडं, त्यात म्हाताऱ्या बाईकडं, बंदूकधारी पोरगा वेगळ्या नजरेनं बघतो. तो एकोणीस-वीस वर्षांचा असतो, आठ-आठ तास उभा असतो, झोप झालेली नसते. समोर आजीच्या वयाची बाई येते आणि विचारते, "या म्हातारबाबांना कधीपासून थांबवलंय?" मग तो गडबडतो. कधी उत्तर देतो, कधी चिडतो. कधी म्हणतो, तुम्ही अतिरेक्यांना मदत करता, तुम्हाला लाज वाटत नाही का. रस्त्यानं जाणारे इस्रायली वसाहतकरी तर सरळ शिव्या घालत, देशद्रोही म्हणत. या बायकांच्या स्वतःच्या घरातही सगळं आलबेल नसे.

कामाची रीत साधी होती. दोन-तीन-चार जणी एका गाडीत. एक पाळी पहाटेची, एक दुपारची. तिकडं पोचलं की आधी वेळ लिहायची. किती गाड्या थांबल्या आहेत, रांगेत अंदाजे किती माणसं, कुंपणात किती जण अडकवले आहेत, कधीपासून. सैनिक काय म्हणाला, माणूस काय म्हणाला. एखादा खूप वेळ अडकला असेल तर लष्कराच्या मदतकेंद्राला फोन लावायचा, वरच्या अधिकाऱ्याला फोन लावायचा, पुन्हा लावायचा. कधी फोनमुळं माणूस सुटायचा, कधी काहीच व्हायचं नाही. तेही लिहायचं. घरी आल्यावर अहवाल तयार करून संघटनेच्या वेबसाइटवर टाकायचा, हिब्रूत, आणि इंग्रजीत भाषांतर करून. असे हजारो अहवाल जमले. सुरुवातीला त्यांनी आपल्यापुढं तीन कामं ठेवली होती: सैनिकांच्या वागण्यावर लक्ष ठेवणं, नाक्यावरच्या माणसांचे हक्क जपले जातील असं बघणं, आणि पाहिलेलं जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवणं.

आपल्यापैकी ज्या बचत गटाचं इतिवृत्त लिहितात त्यांना हे काम ओळखीचं वाटेल. तारीख, वेळ, हजर कोण, काय झालं. त्यात नाट्य काही नसतं. वाचायला बसलं तर कंटाळाही येतो. मंगळवारी रांग, बुधवारी रांग, गुरुवारी रांग लहान पण एक मुलगा तीन तास उभा. पण त्या कंटाळ्यातच त्याचा जीव आहे. लष्कर जेव्हा म्हणे की अमुक प्रसंग हा अपवाद होता, तेव्हा या वह्या म्हणत, अपवाद कसला, गेल्या मंगळवारीही हेच होतं.

आता जे सांगायचं आहे ते ऐकायला जड आहे. नाक्यांमुळं बाळंतिणींचे फार हाल झाले. रात्री कळा सुरू होतात, दवाखाना नाक्याच्या पलीकडं. ॲम्ब्युलन्सलाही थांबावं लागे. कित्येक ठिकाणी अलीकडच्या ॲम्ब्युलन्समधून उतरवून, नाका ओलांडून, पलीकडच्या ॲम्ब्युलन्समध्ये चढवावं लागे. सप्टेंबर २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत साठाहून अधिक बायका नाक्यांवरच बाळंत झाल्या आणि त्यातली तीसहून अधिक बाळं दगावली, अशी पॅलेस्टिनी आरोग्य खात्याची आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत दिलेली आहे. काही आयाही गेल्या. लष्कराचं म्हणणं असे की रुग्णांना सोडायचे आदेश आहेत, आणि ॲम्ब्युलन्समधून स्फोटकं नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. आदेश असतीलही. पण रात्री दोन वाजता, वरिष्ठ झोपलेले असताना, कळा देणाऱ्या बाईसमोर तो आदेश त्या वीस वर्षांच्या पोराच्या मर्जीवर असतो. नववा महिना लागला की नाक्याच्या पलीकडं नातेवाइकांकडं राहायला जाणाऱ्या किंवा घरीच सुईण बोलावणाऱ्या बायका होत्या. ज्यांनी पावसाळ्यात ओढा भरल्यावर अडलेली बाळंतीण पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की ओढ्याला कोणी पहाऱ्यावर बसवलेलं नसतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये बेत इबाच्या नाक्यावर एका स्वयंसेविकेनं एक दृश्य कॅमेऱ्यात टिपलं. एक पॅलेस्टिनी तरुण रांगेपुढं उभा राहून सैनिकासमोर व्हायोलिन वाजवतो आहे. ती फिल्म बाहेर आली आणि सगळ्या इस्रायलमध्ये खळबळ उडाली. कारण नाझी छळछावण्यांत ज्यू कैद्यांना असंच वाजवायला लावत, ती आठवण तिथं घराघरांत आहे. त्याला वाजवायला भाग पाडलं होतं की नाही यावरून लष्करानं आपली बाजू मांडली, वाद बरेच दिवस चालला. आम्हाला मात्र दुसरंच वाटलं. त्याच नाक्यावर रोज हजारो माणसं ताटकळत होती, त्याचे अहवाल रोज निघत होते, त्यावर एवढी खळबळ कधी झाली नाही. स्वतःच्या जखमेची आठवण झाली तेव्हा लोक हलले. माणसाचा स्वभाव असाच असावा, त्यात इस्रायली आणि आपण असा भेद नसावा.

दुसरी गोष्ट फिरत्या लोखंडी दारांची. तुम्ही कुठं पाहिली असतील, चार आडव्या दांड्यांचं दार, ढकललं की एकच माणूस आत जातो. एयाल वाइझमन हे इस्रायली वास्तुशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या 'हॉलो लँड' या २००७ सालच्या पुस्तकात सांगतात की इस्रायलमध्ये अशा दारांच्या दांड्या साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर लांब असतात, पण नाक्यांसाठी त्या ५५ सेंटिमीटरच्या मागवल्या गेल्या. म्हणजे अंगाला घासून जातील अशा. कमरेभोवती काही लपवलं असेल तर कळावं हा हेतू. आता त्यातून गरोदर बाई कशी जाईल? कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं असलेली? जाड अंगाची आजी? माणसं त्यात अडकत, सामान फुटे. दोन हातांच्या जागेत वीस ते पस्तीस सेंटिमीटर कापले, एवढाच बदल. कागदावर किती किरकोळ दिसतो!

२००२ साली इस्रायलनं भिंत बांधायला घेतली. शहरांजवळ सिमेंटची उंच भिंत, बाकी ठिकाणी तारेचं कुंपण, खंदक आणि गस्तीचा रस्ता. ठरलेली लांबी सातशे किलोमीटरच्या वर. त्यानंतर स्फोट कमी झाले, आणि बहुतेक इस्रायली लोक याचं श्रेय भिंतीलाच देतात. पण ही भिंत दोन्हीकडच्या जुन्या हद्दीवरून गेली नाही. आखणीतला सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. जुलै २००४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं आपलं मत दिलं की व्याप्त भागातून गेलेली ही भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही. भिंत तशीच राहिली.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ काय? घर इकडं, शेत तिकडं. कल्किल्या शहराजवळ जय्यूस नावाचं गाव आहे. त्याची बरीचशी शेती, विहिरी, फळबागा भिंतीच्या पलीकडं गेल्या. मग भिंतीत फाटकं ठेवली. ती सकाळी थोडा वेळ उघडत, दुपारी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. काही फाटकं तर फक्त ऑलिव्हच्या तोडणीपुरती उघडत. स्वतःच्याच शेतात जायला परवाना, आणि तो मुदतीचा. ट्रॅक्टरला वेगळी परवानगी. कित्येकदा परवाना म्हाताऱ्या मालकाला मिळे आणि कामाच्या मुलाला नाकारला जाई. सत्तरीच्या माणसानं एकट्यानं शंभर झाडांची तोडणी कशी करायची? आपल्याकडं सातबाऱ्यावर बाईचं नाव नसलं की काय होतं ते तुम्ही जाणता. तिथंही जमिनीच्या कागदावर नाव नसलेल्या घरच्या माणसाला आपला हक्क सिद्ध करत बसावं लागे.

मख्सोम वॉचच्या बायका या फाटकांवरही जायला लागल्या. फाटक सहाला उघडायचं ते पावणेसातला उघडलं, इतकीच एखादी नोंद असे. पण गाढवगाडीवर बसून थंडीत थांबलेल्या माणसाचे ते पाऊण तास दुसऱ्या कुणी लिहून ठेवले असते?

संघटनेतल्या काही जणींनी आणखी एक काम हाती घेतलं. हजारो पॅलेस्टिनी माणसांची नावं सुरक्षा खात्याच्या काळ्या यादीत होती. अशा माणसाला परवाना मिळत नसे आणि कारण विचारलं तर 'सुरक्षा' एवढंच उत्तर. या बायका अर्ज भरून द्यायला, वकील गाठून द्यायला, कोर्टात दाद मागायला मदत करू लागल्या. कितीतरी जणांची नावं नुसतं विचारणा केल्यावर यादीतून निघाली. ही माणसं इतकी धोकादायक होती तर एका अर्जानं ती निर्धोक कशी झाली, हा प्रश्न त्या बायका विचारत राहिल्या. काही जणी लष्करी न्यायालयांत जाऊन बसत आणि तिथले खटले लिहून काढत.

हे सगळं ऐकून वाटेल की बायकांमध्ये एकमत होतं. तसं अजिबात नव्हतं. त्यांची भांडणं मोठी होती, आणि आमच्या मते ती सांगण्यासारखी आहेत. काही जणींचं म्हणणं, आपण सैनिकाशी गोड बोलून एका माणसाला सोडवतो, म्हणजे सोडायचा अधिकार सैनिकाचा आहे हे आपणच मान्य करतो. दुसऱ्या म्हणत, ज्याचं पोर तापानं फणफणलंय त्याला हे तत्त्वज्ञान सांगू का? काही म्हणत, आपण आहोत म्हणून नाका जरा सभ्य दिसतो, आणि सभ्य दिसणारा नाका जास्त दिवस टिकतो. कोतेफ आणि अमीर यांनी नेमका हाच मुद्दा २००७ साली एका लेखात मांडला. शिवाय संघटनेतल्या बहुतेक जणी युरोपीय वंशाच्या, शिकलेल्या, बऱ्या घरच्या, तर नाक्यावरचे बरेच सैनिक गरीब घरांतले. त्यामुळं नाक्यावर कोण कुणाला सुनावतंय, हाही प्रश्न होता. स्वतःवर इतकी कठोर टीका करणाऱ्या आणि तरी दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढणाऱ्या बायका आम्हाला मोठ्या वाटतात.

त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. २००५-०६ च्या सुमारास जेरुसलेम आणि रामल्लाच्या मधल्या कलंदिया नाक्याचं रूप पालटलं. धुळीतल्या रांगेच्या जागी मोठी इमारत, काचेमागं बसलेले सैनिक, भोंग्यातून येणारे हुकूम, ओळीनं फिरती दारं. बाहेर गुलाबाचं चित्र असलेली पाटी लागली. तीन भाषांत तिच्यावर लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांची आशा'. आता सैनिकाचा चेहराही दिसेना. ज्याच्याशी वाद घालायचा, ज्याला आजीसारखं दटावायचं, तो काचेआड गेला. काही बायकांनी लिहिलं की पूर्वीच्या आरडाओरड्यात निदान माणूस तरी समोर होता.

२००९ च्या सुमारास उठावाची धग गेली होती आणि बाहेरून, विशेषतः अमेरिकेकडून, दबाव होता. बेत इबाचा नाका उठला, हुवाराही सैल झाला. हे वह्यांमुळं झालं असं म्हणणं खोटं होईल, आणि त्या बायकाही तसा दावा करत नाहीत. पण नाक्यांचा त्या काळातला इतिहास ज्यांना लिहायचा आहे, त्यांना आज या अहवालांशिवाय पुढं जाता येत नाही. लष्कराच्या दप्तरात नाका म्हणजे एक आकडा आणि एक नकाशा. रांगेतल्या बाईच्या हातात शेळीच्या दुधाचं चीज होतं आणि ते उन्हानं खराब झालं, असली गोष्ट दप्तरात येत नाही. ती येते ती कुणी शेजारी उभं राहून पाहिली असेल तरच.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं गाझातून हल्ला करून इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंनी, दहा-दहा हजारांनी माणसं मेली. वेस्ट बँकेतल्या वाटा पुन्हा आवळल्या. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयानं २०२५ च्या सुरुवातीला वेस्ट बँकेतले अडथळे मोजले, ते ८४९ भरले. रोज पहाटे इर्ताह आणि एयालच्या नाक्यांवर इस्रायलमध्ये कामाला जाणाऱ्या मजुरांच्या ज्या लांब रांगा लागत, पहाटे तीन-चारला माणसं येऊन थांबत, ज्यांच्या नोंदी या बायकांनी वर्षानुवर्षं केल्या, त्या रांगा एकदम थांबल्या. सुमारे दीड लाख मजुरांचे परवाने गोठवले गेले. सेंट्रिंगवाले, गवंडी, फरशी बसवणारे सगळे घरी बसले.

आणि इथं ही गोष्ट आपल्या दारात येते. त्या रिकाम्या जागा भरायला इस्रायलनं भारतातून मजूर मागवले. आधी हरयाणा आणि उत्तर प्रदेशात भरती झाली, मग सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या पुण्यात. सेंट्रिंग, लोखंड वाकवणं, फरशी, गिलावा, याच कामांसाठी. पगार चांगला, इथल्या मजुरीच्या कितीतरी पट. गेलेल्यांना दोष द्यायचा आमचा विचार नाही, ज्याच्या घरात कर्ज आहे त्याला आम्ही काय सांगणार. पण ज्या पाड्यावर तो उभा राहतो, तिथं आधी उभा असलेला माणूस कोणत्या रांगेतून यायचा, हे त्याच्या घरच्या बायकांना माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

तुमच्या गावातून, तुमच्या नात्यातून कोणी तिकडे कामाला गेलं असेल, तर ते काय सांगतात, फोनवर काय बोलतात, तिथले नाके त्यांनी पाहिले का, हे आम्हाला ऐकायचं आहे. गटाच्या बैठकीत विचारा आणि केंद्रावर कळवा. तारीख-वार लिहून ठेवायला विसरू नका.